मुंग्या लाडवांसाठी आल्या नव्हत्या

“आमच्या दादाले लहानपणापासून गोडाचा भारी सोस. विमलताईच्या लग्नात यानं रुखवतातल्या बुंदीच्या लाडवाले हात घातला, चुरा सांडला, चुऱ्यावर मुंग्या आल्या आन् ताईच्या संगं थेट मालेगावले सासरी पोचल्या. तवापासून मालेगावात आमच्या घराण्याचं नाव पडलं, मुंग्यावाले.”

हा मजकूर माझा चुलतभाऊ प्रल्हाद याने गेल्या दिवाळीत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. त्यातला दादा म्हणजे मी. खाली लाडवाचे चित्र होते आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी गाळणारे एक पिवळे तोंड होते. त्या लग्नाच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा भाचे-पुतण्यांनी त्याखाली तशीच तोंडे लावली. माझ्या स्वतःच्या सुनेने अंगठा उंचावला. प्रल्हाद ही कथा अर्ध्या शतकाहून अधिक काळ सांगत आला आहे. त्याने ती बारशांत सांगितली, तेरवीच्या पंगतीत सांगितली, माझ्या मुलाच्या लग्नात तर माइक हातात घेऊन सांगितली. प्रत्येक वेळी लाडू वाढत गेले आणि मी अधिकाधिक लठ्ठ होत गेलो. मी मंगरूळपीरच्या कोर्टात आयुष्यभर वकिली केली. खोट्या साक्षी पुष्कळ ऐकल्या; परंतु इतक्या प्रसन्न चेहऱ्याने खोटे बोलणारा साक्षीदार मला दुसरा भेटला नाही. आता तो थकला आहे आणि मीही थकलो आहे. आमच्यापैकी जो मागे राहील त्याची गोष्ट खरी ठरेल, ही व्यवस्था मला मान्य नाही. म्हणून हे प्रकरण लिहितो.

आमचे घर कामरगावात, बसस्टँडकडून येणारा रस्ता जिथे संपून गल्ली सुरू होते तिथे. मातीच्या जाड भिंती, वर टिनाचे पत्रे, पुढे ओसरी आणि ओसरीपुढे मोठे अंगण. घरात माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणत असू, आणि त्यांची पत्नी मोठी माय, ही दोन सत्ताकेंद्रे होती. प्रल्हाद त्यांचा मुलगा. माझे वडील शेतात असत, माझी माय चुलीपुढे असे आणि माझी थोरली बहीण विमलताई या सर्वांच्या हाकेला ओ देण्यात असे. दुपारी पत्रे तापून कडकड वाजत, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा एकसारखा फटफटत राही आणि माजघरातून मोठ्या मायच्या कमरेच्या किल्ल्यांचा आवाज येई. ती घरात कुठे आहे हे त्या आवाजावरून कळत असे. ही किल्ल्यांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. प्रल्हाद ती सोयीस्करपणे विसरतो.

मुंग्यांच्या बाबतीत आमच्या घराची दोन धोरणे होती आणि दोन्ही मोठ्या मायचीच होती. दर शनिवारी ती न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून, अंगणाच्या कोपऱ्यात निंबाच्या बुडाशी जाई. तिथे काळ्या मुंग्यांचे घर होते. चिमटीचिमटीने ती त्यांना साखर घातलेले पीठ घाली आणि हात जोडी. अशा अखंड सेवेमुळे त्या मुंग्या गावातल्या कोणत्याही कुटुंबापेक्षा अधिक खाऊनपिऊन सुखी होत्या आणि त्यांचा वंश त्याच मानाने वाढला होता. हीच मोठी माय अंगणातून घरात शिरली की सेनापती होई. फडताळाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, उंबऱ्यावर हळदीची रेघ, गुळाच्या मडक्याभोवती राखेचे कडे, साखरेच्या डब्यात लवंगा. एखादी मुंगी तरीही आत दिसली, तर तिला चिरडताना या बाईने कधी मागेपुढे पाहिले नाही. माझी माय एकदा धीर करून म्हणाली,

“जाऊबाई, तुमी त्यायले बाहेर जेवू घालता आन् आत आल्या का मारता. त्यायनं समजावं तरी काय?”

“बाहेरच्या देवाच्या हायेत,” मोठी माय म्हणाली. “आत आली का ते चोर.”

हा कायदा इतका स्पष्ट होता की त्यावर अपील नव्हते. एकच प्राणी उंबऱ्याच्या बाहेर पूज्य आणि आत गुन्हेगार. आणि उंबरा कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पुढे कोर्टात मी याहून वाईट कायदे पाहिले, पण फार नाही.

इथे थोडे आजचे सांगतो. मी सध्या वाशीमला मुलाच्या घरी राहतो. मागच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरात मुंग्या झाल्या. सुनेने मोबाइलवर उपाय पाहिले आणि घरभर विषारी खडूच्या रेघा ओढल्या. फरशी शाळेच्या फळ्यासारखी दिसू लागली. साखर फ्रीजमध्ये गेली, बिस्किटे फ्रीजमध्ये गेली, माझा च्यवनप्राशही फ्रीजमध्ये जाऊन दगड झाला. मुंग्या येतच राहिल्या. मी तिला म्हणालो, “सूनबाई, मारण्याआधी त्या कशासाठी आल्यात ते पाहा. मुंगी तीन कारणांनी घरात येते. खायला, प्यायला, नाहीतर राहायला. तुम्ही खाण्याचा बंदोबस्त केलात, पण त्या खाण्यासाठी आल्याच नसतील तर?” तिने मोठ्या कष्टाने मान हलवली. आम्ही रांगेच्या मागे मागे गेलो. ती रांग साखरेच्या रिकाम्या जागेवरून सरळ पुढे जाऊन बेसिनच्या मागे शिरत होती आणि तिथे पाइप गळत होता. नळवाल्याने पाइप बदलला, भिंतीतली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली, सुनेने रांगेची वाट साबणाच्या पाण्याने पुसली, कारण पहिली मुंगी मागे वास ठेवून जाते आणि बाकीच्या त्या वासावरून येतात. मुंग्या थांबल्या. याचे श्रेय सुनेने खडूला दिले. आमच्या घराण्यात पुरावा पाहण्याची पद्धत पहिल्यापासूनच नाही, हे सांगण्यासाठी ही हकीकत दिली.

आता लग्न. विमलताईचे आमच्या वाशीमकडच्या मालेगावला ठरले. घर शेतीवाडीचे, माणसे सभ्य, सासू मात्र करडी. स्वच्छतेच्या बाबतीत तिचा तालुक्यात दरारा होता असे मध्यस्थानेच सांगितले होते. त्यामुळे आमच्याकडे रुखवताची तयारी परीक्षेसारखी चालली. गल्लीतल्या बाया शेवया करायला येत. यंत्राचा दांडा फिरवताना त्याची कुरकुर आणि बायांची गाणी यांत कोणती कुरकुर कुणाची हे ओळखू येत नसे. शेवया खाटेवर वाळत, कुरडया पत्र्यावर वाळत आणि त्यांच्यावर काठी घेऊन कावळे हाकत मी वाळत असे. बुंदीचे लाडू शेवटी झाले. आचाऱ्याच्या झाऱ्यातून कढईत टपटपणारी बुंदी, पाकाचा वेलचीचा वास आणि तुपाने चकचकणारे त्याचे मनगट आजही मला स्पष्ट दिसते. त्यातला एक लाडू मी खाल्ला. मायने तो सर्वांदेखत माझ्या तळहातावर ठेवला आणि मी तो आचाऱ्यासमोर उभा राहून खाल्ला. उरलेले लाडू पितळी डब्यात गेले, डब्याला कुलूप लागले आणि किल्ली मोठ्या मायच्या कमरेला गेली. त्या कमरेची किल्ली आजवर कुणी चोरली नव्हती. तेवढे धैर्य असते, तर मी वकील न होता आणखी मोठा झालो असतो.

रुखवत माजघरात मांडले. दोन बाके जोडून, त्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून, वर लाडवांचा डबा, कुरडयांच्या परड्या आणि भाताचे तूस पसरून त्यावर कापडात गुंडाळलेल्या शेवयांची मोठी टोपली. इथवर शास्त्र ठीक होते. परंतु मोठ्या मायने या सर्वांखाली स्वतः भरलेली चादर घातली. तिच्यावर दोन पोपट होते आणि दोघांच्या मध्ये लाल दोऱ्याने ‘सुस्वागतम्’ असे भरले होते. चादर लांब होती. ती वाट्या ओलांडून जमिनीवर टेकली होती.

“मोठी माय, चादर खाली टेकून राह्यली,” मी म्हणालो. “वाट्याईचा काय उपयोग मंग?”

“तुले काय कयते रुखवतातलं? पोपट दिसले पाह्यजे ना लोकायले.”

पोपट दिसले. ‘सुस्वागतम्’ही दिसले, आणि ते कुणाच्या स्वागतासाठी होते हे लवकरच कळले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हळदीचे न्हाण होते. नवरीला बसवायचे कुठे, हा प्रश्न मोठ्या बाबांनी स्वतःकडे घेतला. ते अंगणभर फिरले आणि निंबाच्या बुडाशी थांबले. माझ्या मायचा चेहरा उतरला. दिराशी, तेही थोरल्या, सरळ बोलण्याची त्या काळी सोय नव्हती. पदर पुढे ओढून ती मला उद्देशून, पण अंगणाला ऐकू जाईल असे बोलली.

“सांग रे बापू तुह्या मोठ्या बाबाले. तिथं मुंग्यायचं घर हाये म्हना.”

मोठे बाबा निंबाकडे पाहून उत्तरले. “मायले सांग, ते मुंग्या नोहेत, लक्ष्मी हाये. इतक्या वर्षाची सेवा हाये तिथं. नवरीच्या न्हान्याचं पानी लक्ष्मीले जाते, याच्याहून शुभ काय राह्यते?”

शब्द दोन्ही बाजूंनी माझ्यामार्फत गेले. माझे मत कुणी विचारले नाही. विमलताई पाटावर बसली. बायांनी गाणे धरले, तिच्या अंगावरून घागरीमागून घागरी रित्या झाल्या आणि ते पिवळे पाणी तिच्या पावलांवरून ओघळून थेट मुंग्यांच्या दारात शिरले. ज्या हळदीची एक रेघ ओलांडायला मुंगी धजत नाही असे आमचे घर मानत होते, तीच हळद आमच्या घराने घागरींनी तिच्या घरात ओतली. न्हाण आटोपल्यावर प्रल्हादला उत्साह आवरला नाही. त्याने उरलेल्या हळदीच्या पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी हंडा, उचलला आणि निंबाच्या बुडाशी उपडा केला.

“मुंग्यायलेही लागू द्या हळद,” तो म्हणाला.

सगळे हसले. हा विनोद प्रल्हाद आपल्या कथेत सांगत नाही. त्याचा आयुष्यातला हा एकमेव बरा विनोद, आणि तोच तो गाळतो, यातच सर्व आले.

दुपारी ओसरीवरून मुंग्यांची रांग लागली. रांग कसली, पट्टाच होता. अंगणातून ओसरी, ओसरीतून उंबरा, उंबऱ्यावरची हळद येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी पार पुसली गेलेली, आणि तिथून माजघर. मोठे बाबा खाटेवर पडले होते. ते उठून बसले, वाकून पाहिले आणि त्यांनी घोषणा केली.

“अंडे घेऊन चालल्या पहा. पानी येते आज-उद्या. ताडपत्री काढा रे.”

वैशाख होता. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. तरी मांडवावर ताडपत्री चढली आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाडी मंडळी तिच्याखाली भरताच्या वांग्यांसारखी भाजून निघाली. नवरदेवाचा फेटा घामाने सैल होऊन कानावर आला. मोठ्या बाबांच्या या पर्जन्यभाकिताची गोष्ट प्रल्हाद अजूनही अगदी नक्कल करून सांगतो; ‘अंडे घेऊन चालल्या’ हे वाक्य तो हुबेहूब बापाच्या आवाजात म्हणतो. लोक हसून लोळतात. मग तो पाणी पितो आणि लाडवांची गोष्ट सुरू करतो.

लग्न पार पडले. आमच्याकडे नवरीसोबत धाकटा भाऊ सासरी चार दिवस राहायला जातो. मी गेलो, प्रल्हादही मागे लागून आला. नव्या घरात ताईला अनोळखी माणसांत आपले एक माणूस असावे म्हणून मला पाठवले होते आणि या जबाबदारीचा मला अभिमान होता. निघताना तिने ट्रकमध्ये माझे मनगट जे धरले ते मालेगाव येईपर्यंत सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी शेजारपाजारच्या बायांना बोलावून रुखवत उघडायला घेतले. निघताना मोठ्या मायने ताईला दिलेल्या किल्लीने लाडवांचा डबा उघडला, लाडू वाखाणले गेले, सगळ्यांना वाटले गेले. मग शेवयांची टोपली आली. सासूबाईंनी कापड उलगडले आणि डोळे बारीक केले.

“साबुदाना काहून टाकला वं शेवयाईत?” त्यांनी ताईला विचारले.

तेवढ्यात साबुदाणा चालू लागला. त्याच्याखाली काळ्या मुंग्या होत्या, शेवयांत, तुसात, कापडाच्या प्रत्येक घडीत. एक नणंद म्हणाली, “वहिनीनं आपलं वऱ्हाड संगंच आनलं.” बाया हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

“तुह्या माहेरी झाडझूड करत नाईत का वं?”

ताईच्या गळ्यातली हळद अजून ओली दिसत होती. ती जमिनीकडे पाहत राहिली. आणि मग प्रल्हाद बोलला. “काकू, झाडझूड करतेत ना. ह्या दादानं रुखवतात हात घातला. याले गोड लागते लई. यानंच सांडलं असन कुठंतरी.”

मी उठून उभा राहिलो. “डब्याले कुलूप होतं. किल्ली मोठ्या मायजवळ होती. ताई, सांग ना तू.”

सगळ्या बाया ताईकडे पाहू लागल्या. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

“हो,” ती म्हणाली. “त्याले सवयच हाये तशी.”

सासूबाईंचा चेहरा निवळला. घर अस्वच्छ असणे हा गुन्हा होता. पोरगे खादाड असणे ही गंमत होती. त्यांनी हसत एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला. “घे बापू. चोरून कायले खातं? मांगून खावं.” सगळे हसले, प्रल्हाद सर्वांत मोठ्याने. मी तो लाडू खाल्ला नाही. खिडकीत ठेवला. सकाळी उठून पाहिले तर मालेगावच्या मुंग्यांना त्याचा पत्ता लागला होता. त्या भिंतीवरून रिकाम्या येत होत्या आणि तोंडात बुंदीचा एकेक कण घेऊन परत जात होत्या. मी त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहत बसलो. मग कुणालाही न सांगता पहिल्या एसटीने कामरगावला आलो. ताईला दिवाळीला आणायला पुढची कित्येक वर्षे प्रल्हाद गेला. मी गेलो नाही. त्याबद्दल आमच्याकडे असे सांगतात की दादाला लाडवांची लाज वाटली. मला कशाचीही लाज वाटली नव्हती.

गेल्या दिवाळीत तो मजकूर वाचला आणि भाऊबीजेला मी मालेगावला गेलो. ताई आता एकटीच पुढच्या खोलीत असते. गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. सून चहा ठेवून गेली. मी मोबाइल तिच्यापुढे धरून प्रल्हादचा मजकूर मोठ्याने वाचला.

“अजून तेच घेऊन बसला तू?” ती म्हणाली.

“तू बसवलं मले. मी लाडू चोरले होते?”

“नाई.”

“तुले तवा माहीत होतं?”

तिने चहाची बशी खाली ठेवली. “मले नाई तर कोनाले माहीत राहीन? पाटावर मीच बसली होती ना. मुंग्या माह्या पायावर चढल्या होत्या. त्यायच्या तोंडात काय होतं ते मी पाह्यलं.”

“मंग बोलली काहून नाही?”

“काय बोलू? सासूबाईले सांगू, का माह्या न्हान्याच्या पान्यानं लेकरं-बाळं असलेलं घर बुडालं, आन् ते जित्राब आपली लेकरं घेऊन माह्या शेवयाईत येऊन बसलं? मी त्या घरात दोन दिवसाची नवरी. माही कूस उजवेपर्यंत त्यायनं मले तेच ऐकवलं असतं.” आता तिने माझ्याकडे पाहिले. “तू खादाड निघाला तर तुहं काय जात होतं? पोरगा होता तू.”

“माहं काय गेलं ते तुले माहीत नाई.”

“माहीत हाये,” ती म्हणाली. “दिवाळीले पऱ्हाद यायचा, तू यायचा नाई. मी दारात उभी राहून दोघायची वाट पाहो.”

मग तिने मला ओवाळले, आणि तबकात लाडू ठेवण्याचा तिने प्रयत्न केला नाही, हे मी नोंदवून ठेवतो. निघताना म्हणाली, “आता सासूबाईही नाईत. माही नातवंडं लग्नाले आली. लिही तुले काय लिहाचं ते.” मी तिला माफ केले की नाही, हा वेगळा खटला आहे आणि त्यात वाचक पक्षकार नाहीत.

प्रल्हादला एवढेच सांगतो की मला ताईच्या साक्षीचीही गरज नाही. त्याने बापाची नक्कल करत दरवेळी सांगितलेली गोष्ट पुरेशी आहे. माझा नातू म्हणतो की ती अंडी नसतात, कोष असतात. तो वाद त्याने मुंग्यांशी घालावा. लाडवासाठी निघालेली मुंगी घरात रिकामी येते आणि भरलेली बाहेर जाते. चोरीला जाताना कुणी लेकरू कडेवर घेत नाही. त्या दुपारी आमचा उंबरा ओलांडून आत येणाऱ्या प्रत्येक मुंगीच्या तोंडात तिचे अंडे होते.